रविवारची वहिवाट

महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता भावेश म्हसावद शिवारातल्या चुडामण पाटलांच्या मळ्याच्या फाटकाशी मोटरसायकल बंद करायचा, हेल्मेट आरशाला अडकवायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "येऊ का?"

"कोन शे?" ओट्यावरून चुडामण विचारायचे.

फाटकापासून ओटा वीस पावलांवर होता आणि चुडामणांची नजर बासष्टाव्या वर्षीही सुईत दोरा ओवण्याइतकी चांगली होती.

"मी भावेश."

"कसाले उना?"

"भूमिकाले भेटाले."

"परवानगी मांगी ऱ्हायना का?"

"हा. परवानगी मांगी ऱ्हायनू."

मग चुडामण शेजारच्या खुर्चीवरच्या पोलीस पाटलाकडे, दिलवरसिंगांकडे बघायचे. ऐकलं ना? दिलवरसिंग मान हलवायचे. ते झालं की चुडामण म्हणायचे, "परवानगी शे. आजपुरती."

भावेश हा त्यांचा जावई होता. आता नव्हता. मुलगी चारुलता तीन वर्षांपूर्वी लेकीला कडेवर घेऊन माहेरी आली ती आलीच, आणि गेल्या वर्षी काडीमोड झाला. माहेरी आली तेव्हा लेक, भूमिका, तीन वर्षांची होती, आता सहाची. कोर्टानं सांगितलं की पोर आईजवळ राहील, बापानं महिन्यातून दोन रविवार, अकरा ते एक, तिच्या आजोळी येऊन भेटावं. कागदावर एवढंच होतं. परवानगीचं त्यात काही नव्हतं. ते चुडामणांनी स्वतः घातलं होतं, आणि त्यामागे एकोणीस वर्षांचा अभ्यास होता.

चुडामणांच्या बापानं एकदा, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी, शेजारच्या भाईदासच्या बापाला आपल्या बांधावरून बैलगाडी नेऊ दिली होती. "जाय ना भो, तुले कोन अडावस," असं तो म्हणाला होता. गाडी जात राहिली. पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर बांधावर मावेना, तर दोन्हीकडून हातहातभर शेत खाऊन गेला. चुडामणांनी दावा लावला. एकोणीस वर्षांनी निकाल लागला की एवढी वर्षं बिनहरकत रस्ता वापरला, म्हणजे वहिवाट पडली, आता अडवता येणार नाही. हां, दरवेळी परवानगी मागून वापरला असता तर गोष्ट वेगळी होती.

हे शेवटचं वाक्य चुडामणांच्या काळजात रुतून बसलं. बापानं परवानगी मागायला लावली असती तर! त्यामुळे भेटीचा हुकूम हातात पडला तेव्हा वकिलानं काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की एक माणूस दर पंधरा दिवसांनी त्यांच्या हद्दीत येणार, आणि अडवलं नाही तर एक दिवस त्याची वहिवाट पडणार. बांधावर नव्हे. नातीवर.

एकाच जागी बसल्यानं वहिवाट लवकर पडते असाही त्यांचा हिशेब होता. म्हणून भावेशला दरवेळी जागा बदलून मिळायची. पहिल्यांदा ओट्याची पायरी. मग निंबाखाली. मग गोठ्यात, म्हशीच्या बाजूला, जिथे म्हशीनं त्याच्या पॅंटला शेपटीनं शेण लावलं आणि भूमिका हसून हसून लोळली. मग विहिरीच्या मोटारीची खोली. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, उन्हात. फेब्रुवारीपर्यंत मळ्यातल्या बसण्यासारख्या जागा संपत आल्या, तेव्हा चुडामण जुन्या शेणखताच्या उकिरड्याकडे विचारपूर्वक बघू लागले.

भूमिकाला यात काही वावगं वाटत नव्हतं. बाकीच्या मुलींचे बाप एकाच जागी बसतात, आपला फिरता आहे, एवढंच तिनं धरलं होतं. शनिवारपासून ती विचारायची, "आजी, पप्पा उद्या कोठे बठतीन?"

मंगलाबाई, तिची आजी, म्हणायची, "तुन्हा आबाले इचार. त्या नकाशा काढी ऱ्हायनात."

"मामा" म्हणायला भावेशला बंदी होती. सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडची रीत. पण रीत नात्याबरोबर जाते, असं चुडामणांचं म्हणणं. एकदा त्याच्या तोंडून निघालंच. "मामा, घोटभर पानी..."

"कोना मामा?"

भावेशनं पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, "चुडामणराव, पानी भेटी का?"

"हुकूममा पानी नही. भेट शे."

पुढच्या खेपेपासून त्यानं बाटली आणायला सुरुवात केली.

चारुलता या दोन तासांत समोर यायची नाही. पण जागा कुठलीही असो, ऐकू येईल इतक्या अंतरावर ती सुक्या मिरचीचं टोपलं घेऊन बसलेली असायची. तोंडाला रुमाल, कोपरापर्यंत बाह्या, आणि मिरचीचे देठ खुडणं चाललेलं. बोलायची ती भूमिकामार्फत.

"भूमिका, तुन्हा पप्पाले सांग, कुरकुरे आनत जाऊ नका. रातभर खोकलस तू."

"पप्पा, मम्मी म्हनस कुरकुरे..."

"ऐकं मी. मम्मीले सांग, मागला टाइमले फळं आनी व्हतीत, त्या म्हशीले घाली दिनात."

"मम्मी, पप्पा म्हनतस म्हशीनी..."

"सडेल व्हतीत."

"सडेल व्हतीत, पप्पा."

"सडेल नव्हतीत. पिकेल व्हतीत. मी काल तोडेल पपई..."

"संसारमा मन्हा करता कधी एक पपई तोडी नही, आते तोडी ऱ्हायनात. हाई बी सांग."

भूमिका दोघांच्या मधोमध उभी होती. हातात बाहुली, एक चप्पल कुठेतरी पडलेली. ती म्हणाली, "मी घडीभर खेळू का? मंग सांगसू."

दिलवरसिंगांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं, कारण ते कामावर होते.

चारुलताच्या मनात जे होतं ते पपईचं नव्हतं. दिराच्या लग्नात, भरल्या मांडवात, भावेशच्या थोरल्या भावाला संशय आला की ही कुणाशी बोलते. आणि भावेशनं काही न बोलता तिच्या हातातून मोबाईल घेऊन भावाच्या हातात दिला होता. तपासायला. पंचवीस माणसं बघत होती. मोबाईलमध्ये तिच्या आईचे सतरा कॉल निघाले आणि मेंदीच्या नक्षीचे फोटो. भावानं मोबाईल परत दिला, तोही भावेशच्या हातात. तिच्या नाही. तेव्हा ती जेवणाच्या पंगतीतून उठली. एवढंच कारण होतं, आणि तिला ते पुरेसं होतं.

*

त्या वर्षी चुडामणांनी ओली लाल मिरची व्यापाऱ्याला दिली नाही. पथारीवाले, म्हणजे ओली मिरची घेऊन वाळवणारे, वजनात मारतात, म्हणून घरच्या खळ्यावरच वाळवायची ठरवली. दीड एकराची मिरची खळ्यावर पसरली तेव्हा मळा लांबून रंगपंचमी झाल्यासारखा दिसायचा आणि जवळ गेलं की माणूस सात वेळा शिंकायचा. दिवसातून दोनदा दाताळ्यानं ती उलटायची, डागी निवडायची, संध्याकाळी कडेनं गोळा करायची. त्यासाठी सातपुड्यातली सहा माणसं होती. बाज्या, त्याची बायको रिना आणि त्यांच्या पाड्यावरची चौघं.

मार्च लागता लागता होळी आली. बाज्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

"शेठ, होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार आहे. आम्ही जातो."

"कितला दिन?"

"होळी झाली की येऊ."

"आठ दिन? मिरची कोन उलटाई?"

बाज्यानं मिरचीकडे बघितलं, मग डोंगराकडे. त्याच्या चेहऱ्यावर असं होतं की मिरची काही होळीला कुठे जाणार नाही. रिनानं नवी चांदीची साखळी पदराखाली सरळ केली. सहाही माणसं दुपारच्या जीपनं गेली.

मग दाताळं चारुलताच्या हातात आलं. सकाळी सहा ते अकरा, दुपारी तीन ते अंधार पडेपर्यंत. मंगलाबाईचे गुडघे धरले होते, ती बसून निवडायची. चुडामण गोण्या शिवायचे. तिसऱ्या दिवशी चारुलताच्या नखांच्या कडा फुटल्या आणि रात्री हात तव्यासारखे पेटायला लागले. ती ताकात हात बुडवून बसायची. या घरात सगळ्यांना एक गोष्ट न शिकवता येत होती: मिरचीत काम करताना डोळा खाजला, नाक गळलं, तर दंडानं पुसायचं. बोट तोंडाजवळ न्यायचं नाही. भूमिकालाही हे येत होतं.

याच आठवड्यात वकिलाचा फोन आला. पुढच्या गुरुवारी तारीख होती. भावेशनं अर्ज केला होता की मुलीला रविवारी दिवसभर आपल्या घरी नेऊ द्यावं. चुडामणांनी उलट अर्ज केला होता की भेटीच बंद कराव्यात.

"बंद करायला काहीतरी कारण लागेल, आबा," वकील म्हणाला. "मुलगी घाबरते का त्याला? रडते का? असलं काही असेल तर लिहून आणा, पोलीस पाटलाच्या सहीनं. नसेल तर तो नेणार तिला. आणि खरं असेल तर त्याच्या भेटी संपल्या समजा."

चुडामणांनी फोन ठेवला आणि भूमिकाला बोलावलं.

"पप्पा येतस तव्हय तुले भेव वाटस का?"

"म्हशीना वाटस," भूमिका म्हणाली.

*

मार्चचा पहिला रविवार. सकाळपासून हवा दमलेल्या बैलासारखी उभी होती. साडेदहाला नर्मदेच्या बाजूनं, डोंगरामागून, आभाळाची एक निळसर कड वर आली. चारुलतानं दाताळं थांबवून तिकडे बघितलं, पण म्हणाली काही नाही. म्हटलं की खरं होतं.

अकराला भावेश आला. परवानगी झाली. या खेपेला त्याला जागा मिळाली खळ्याच्या कडेला, रिकाम्या ड्रमावर. भूमिका धावत आली. तिनं त्याला आपली नवी वही दाखवली, त्यानं तिच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. तो पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होता. अक्षर चांगलं होतं.

साडेअकराला वारा सुटला. नंतर तो एकदम पडला आणि गार झाला.

"आबा, पानी येवाव शे!" चारुलता ओरडली.

चुडामण गोणी टाकून उठले. ताडपत्र्या दोन होत्या, मिरची चार ताडपत्र्यांची. माणसं तीन, त्यातली एक गुडघ्यानं अधू. दिलवरसिंग खुर्चीवरून उठले, आभाळाकडे बघितलं आणि खुर्ची ओट्यावर आत ओढून घेतली.

भावेश ड्रमावरून उठला. शर्टाच्या बाह्या वर सारत तो खळ्यात उतरला आणि पहिलंच टोपलं उचललं.

"ठेव!" चुडामण गरजले. "हात लाऊ नको!"

"अहो, पानी..."

"आज टोपली उचलशी. उद्या कोर्टमा सांगशी का मी कसनारा शे. मन्हा खळ्यावर तुन्ही वहिवाट पाडाव शे का?"

पहिला थेंब ड्रमावर वाजला.

"आबा!" चारुलता. तिनं दाताळ्यानं कडेची मिरची ओढायला सुरुवात केली होती. "मिरची काळी पडी जाई!"

भावेश टोपलं धरून उभा होता. खाली ठेवत नव्हता, पुढेही जात नव्हता. मग त्यानं शांतपणे, फाटकाशी विचारतो त्याच आवाजात विचारलं, "परवानगी शे का?"

चुडामणांच्या ओठांची हालचाल झाली. दुसरा थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी ओट्याकडे तोंड करून हाक मारली, "दिलवरभाऊ! ऐकी ल्या! परवानगीवर उचली ऱ्हायना. आजपुरतं! फक्त मिरची!"

"ऐकं!" दिलवरसिंग ओट्यावरून म्हणाले.

मग पाऊण तास शिव्यांखेरीज फारसं बोलणं झालं नाही. चारुलता दाताळ्यानं ओढत होती, भावेश टोपली भरून ट्रॉलीत रिचवत होता, चुडामण ताडपत्रीची टोकं दगडांनी दाबत होते. धूळ उडाली, ती साधी धूळ नव्हती. दिलवरसिंग ओट्यावरच शिंकू लागले. भावेशचा शर्ट पाठीला चिकटला, मानेवर लाल लाल उठलं.

"असं नका फेकू, तुटी ऱ्हायनी," चारुलता म्हणाली. तीन वर्षांत तिनं त्याला मध्ये कोणी न ठेवता बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मंग कसं?"

"हाते भरा. वरथून."

त्यानं टोपलं ठेवलं आणि दोन्ही हातांनी, ओंजळी भरभरून, मिरची उचलू लागला.

भूमिकाला कोणी थांब म्हटलं नव्हतं. ती मध्येच एक एक मिरची उचलून बापाच्या टोपलीत टाकत होती आणि मोजत होती. एकोणचाळीसला ती ताडपत्रीच्या दोरीत अडकून पडली. लागलं नव्हतं फारसं, पण गुडघा बघून तिनं भोकाड पसरलं. भावेश टोपली टाकून धावला, तिला उचललं, आणि जगातल्या कुठल्याही बापानं केलं असतं ते केलं. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी तिचे डोळे पुसले.

तो उसातला माणूस होता.

त्यानंतर जो आवाज निघाला तो ऐकून भाईदास आपल्या शेतातून, त्याच बांधावरून, पळत आला. भूमिका डोळे गच्च मिटून पाय झाडत होती. भावेशला काय झालं तेच कळेना. "काय व्हयनं? काय व्हयनं बेटा?" म्हणत तो परत पुसू लागला.

चारुलतानं त्याच्या हातावर फटका मारला. "हात! हात देखा तुमना!"

त्यानं हात बघितले. मग तिनं पोरीला त्याच्याकडून ओढून हौदाकडे नेलं. मंगलाबाई लंगडत दूध घेऊन आली. पाणी, दूध, परत पाणी. भावेश पाच पावलांवर हात अंगापासून लांब धरून उभा होता, जसे ते दुसऱ्या कुणाचे असावेत. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं तेही पुसलं, बोटांनीच. तेव्हा तोही खाली बसला.

पाऊस मूठभर पडला आणि थांबला. ताडपत्रीवरची धूळसुद्धा नीट भिजली नाही.

एक वाजता दिलवरसिंगांनी घड्याळ बघून वेळ संपल्याचं जाहीर केलं. डोळे लाल झालेला भावेश फाटकाकडे निघाला. भूमिका आजीच्या मांडीवर ओला रुमाल डोळ्यांवर घेऊन पडली होती. तिनं रुमालाखालूनच हात हलवला, पण तो उलट्या बाजूला होता.

मोटरसायकलचा आवाज दूर गेल्यावर चुडामण ओट्यावर आले. त्यांच्या चेहऱ्यावर एकोणीस वर्षांत न आलेला उजेड होता.

"दिलवरभाऊ, कागद काढा. लिखा. बापनी पोरना डोयामा मिरची घाली."

दिलवरसिंगांनी पेन काढलं आणि थांबले. "घाली, का गई?"

"हात कोना व्हता?"

"त्याना."

"हातले मिरची व्हती?"

"व्हती."

"डोयामा गई?"

"गई ना."

"मंग काय ऱ्हायनं? लिखा, घाली."

दिलवरसिंगांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं. ते माणूस वाईट नव्हते. पण या ओट्यावर वर्षभराचा रविवारचा चहा झाला होता. त्यांनी लिहिलं. अक्षर सुंदर आलं. खाली आपली सही केली आणि साक्षीदार म्हणून चारुलतासाठी जागा सोडली.

"सही कर," चुडामण तिला म्हणाले.

चारुलतानं दोन्ही हात पुढे केले. दहाही बोटं सुजली होती. "कागद लाल व्हई," ती म्हणाली, आणि म्हशीला पाणी पाजायला गेली.

*

गुरुवारी नंदुरबारच्या कोर्टात न्यायाधीश मॅडमनी कागद दोनदा वाचला. त्यांचा चेहरा बदलला ते सगळ्यांना दिसलं. त्या भूमिकाला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दहा मिनिटं दार बंद होतं. बाहेर भावेश भिंतीला टेकून उभा होता. त्याची आई तापीबाई बाकावर बसून देवाचं नाव घेत होती आणि मधे मधे चारुलताकडे बघून ते थांबवत होती.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मुलगी म्हणते, पप्पांनी डोळ्यात मिरची घातली."

चुडामणांनी पाठ सरळ केली. ते पोरीला एक शब्द शिकवून आले नव्हते. तिच्या लेखी ती खरंच सांगत होती.

"अर्जदार, तुम्हाला काही म्हणायचंय? ही गोष्ट फार गंभीर आहे. असं असेल तर भेटी आजपासून बंद."

भावेशनं तोंड उघडलं. "ते... पाऊस आला होता..." त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि गप्प झाला. हीच त्याची जुनी सवय. चार माणसांसमोर त्याचा आवाज आत जायचा.

मॅडम चारुलताकडे वळल्या. "तुम्ही तिथे होता. कागदावर तुमची सही नाही. काय झालं?"

चुडामण मागून हळूच म्हणाले, "सांग."

चारुलता उठली. बोटांना तिनं कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या.

"घातली नाही, मॅडम. गेली."

"म्हणजे?"

"ती पडली. त्यांनी डोळे पुसले. हाताला मिरची होती. मिरचीच्या हातानं पुसू नये हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना बरंच काही ठाऊक नाही."

"चारू!" चुडामण म्हणाले.

"तुम्ही त्यांची बाजू घेताय?" मॅडमनी विचारलं.

"ह्यांची?" चारुलता पहिल्यांदा भावेशकडे वळली. तिच्या नजरेत दया नव्हती. "ह्या माणसानं भरल्या मांडवात माझा मोबाईल काढून भावाच्या हातात दिला. मी काही चोरी केली असल्यासारखा. पंचवीस माणसं होती. मी ह्यांच्याकडे बघत होते, की आता बोलेल, आता बोलेल. एक शब्द नाही. ते लिहून घ्या. ते खरं आहे. माझ्याकडे ह्यांच्याविरुद्ध खरं इतकं आहे, मॅडम, की खोटं उसनं आणायची मला गरज नाही."

तापीबाईचं देवाचं नाव मधेच तुटलं.

"हे खरं आहे?" मॅडमनी भावेशला विचारलं.

वकील काहीतरी पुटपुटला, की याचा आजच्या अर्जाशी संबंध नाही. भावेशनं त्याला हातानं थांबवलं.

"हो," तो म्हणाला. मग, जरा मोठ्यानं, "मी दिला मोबाईल. ती म्हणते तसंच झालं."

"हाई आते सुचनं तुमले," चारुलता म्हणाली, आणि बसली.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी वाचून दाखवलं. भेटी बंद नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वडिलांनी मुलीला घेऊन जावं, आणून सोडावं. आजोबांच्या ओट्यावर कोणी बसायची गरज नाही. दिलवरसिंगांकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमचं अक्षर फार छान आहे. जपून वापरा."

परतीच्या एसटीत चुडामण खिडकीशी बसले. शहादा सुटल्यावर म्हणाले, "मन्ही एकोनीस वरीसनी मेहनत, आनि तू एक शब्दमा..."

"तो बांधना दावा व्हता, आबा."

"वहिवाट सगळीकडे सारखीच ऱ्हास."

"ती मन्ही पोर शे. बांध नही." चारुलतानं चिंध्यांच्या हातांनी झोपलेल्या भूमिकाचं डोकं सरळ केलं. "आनि त्या माणूसले मी माफ कयं असं कोनी समजू नका. घरमा बी नही."

मागच्या सीटवर दिलवरसिंग झोपल्याचं सोंग करत होते.

*

तिसऱ्या रविवारी दहाला भावेश आला. तो फाटकापर्यंत आलाच नाही. मोटरसायकल रस्त्याच्या पलीकडे उभी केली. रस्ता सरकारी होता, तिथे चुडामणांचा इलाज चालत नव्हता. ते ओट्यावर पाठ फिरवून बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी होती.

चारुलता भूमिकाचा हात धरून रस्त्यापर्यंत गेली. पोरीच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं. त्यात एक फ्रॉक, टॉवेल, खोकल्याचं औषध, आणि एका कागदावर लिहिलेलं होतं की काय द्यायचं नाही. यादी लांब होती.

"पाच म्हंजे पाच," ती म्हणाली.

"हा."

"सव्वापाच झाया तर मी पुन्हा कोर्टमा जासू."

"पावनेपाचले आनसू."

"कसाले? पाचले आना. हुकूममा पाच शे."

भावेशनं मान हलवली. त्यानं पोरीला पुढे टाकीवर बसवायला हात पुढे केले, आणि मधेच थांबून ते बघितले. स्वच्छ होते. चारुलतानंही बघितलं.

"तिनी ओढनी चाकमा जाई नही असं देखा. आनि तिकडे कोनी तिले मन्हाबद्दल काही इचारं, तर..."

"कोनी इचाराव नही."

"तुम्ही सांगशात त्यासले?"

भावेशनं आरशावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. "सांगसू."

"बोली दाखाडा एकदा," ती म्हणाली. त्यात विश्वास नव्हता.

गाडी सुरू झाली. भूमिकानं दोन्ही हातांनी हॅंडलचा मधला भाग धरला होता. ती इकडे तिकडे बघत होती, रस्ता, झाडं, आपल्या पायांखालची टाकी. मग एकदम तिनं मान वळवली.

"मम्मी!"

"काय व?"

"मी पाचले येसू. तवपर्यंत तू काय करशी?"

"काम शे मले," चारुलता म्हणाली.

गाडी वळणावर गेली, आवाज थोडा वेळ राहिला, मग तोही गेला. शेवटची मिरची शुक्रवारीच गोण्यांत भरून गेली होती. खळं झाडून झालं होतं, होळीहून परतलेले बाज्या आणि रिना शेणानं सारवूनही गेले होते. म्हशीचं दूध काढलेलं, भाकरी झालेल्या. चारुलता रस्त्याच्या कडेला उभी होती आणि दहा वाजून चार मिनिटं झाली होती.